कागदांच्या ढिगाशेजारची ती बाई: फॉरवर्ड किती खरा?

नवशिका_७
मंडळी, आमच्या घरच्या ग्रुपवर काल रात्रीपासून महाभारत चालू आहे. आत्याने एक फोटो टाकला. मोठ्या चष्म्याची एक हसरी तरुण बाई आणि शेजारी तिच्याच उंचीचा कागदांचा ढीग. खाली मजकूर: 'या एकट्या बाईने हाताने लिहिलेल्या कोडमुळे माणूस चंद्रावर उतरला. श्रेय मात्र पुरुषांनी लाटले. दहा जणांना पाठवा.'
त्यावर आमचा मामेभाऊ (आयटीत आहे, म्हणजे विषय संपला) म्हणाला की सगळ्या थापा आहेत. एक माणूस एवढं कोड लिहूच शकत नाही, आणि ६९ साली कसलं आलंय सॉफ्टवेअर! आत्या रुसली. ती बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती, तिला 'थापा' हा शब्द फार लागला.
जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाईचं नाव मार्गारेट हॅमिल्टन एवढं मी शोधलं. पण नुसतं नाव टाकून शोधलं तर आधी हिरव्या तोंडाची एक चेटकीणच समोर येते.

तिरकस_पुणेकर
चेटकीण म्हणजे त्याच नावाची जुन्या काळची नटी. तिचा चंद्राशी संबंध झाडूपुरता.

टेस्टरबाई
नवशिका, बाई खरी, फोटो खरा, साल १९६९. 'एकट्या' आणि 'हाताने' हे दोन शब्द खोटे. मामेभावाला सांग, 'एकट्याचं काम नाही' एवढं सोडलं तर त्याचंही एक वाक्य धड नाही. संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता ऑफिसात स्टँडअप (रोजची उभ्या उभ्या मीटिंग) आहे.

कांदाभजी
टेस्टरबाईंच्या स्टँडअपमध्ये विनोद असतात का?

टेस्टरबाई
सगळे विनोदच असतात.

जुना_रेडिओ
तांत्रिक भाग तरुणांनी सांगावा, मी फक्त आठवण सांगतो. तेव्हा मी सातवीत होतो, गिरगावात चाळीत राहायचो. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ ला, त्यामुळे चंद्र आम्ही कानांनीच पाहिला. आपल्या वेळेप्रमाणे २१ जुलै लागली त्या रात्री पावणेदोनच्या सुमारास यान उतरलं आणि आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते सकाळी साडेआठच्या आत. शेजारच्या नानांचा रेडिओ खिडकीत ठेवला होता, खाली वीस-पंचवीस माणसं. सोमवार होता, बरेच जण डबा हातात घेऊनच उभे. खरखरीतून अर्धं कळायचं, अर्धं नाना सांगायचे, आणि नाना सांगायचे त्यातलं अर्धं त्यांच्या मनचं.
त्याच वर्षी ऑक्टोबरात ते तिघे अंतराळवीर मुंबईत आले होते, तेव्हाची गर्दीही पाहिली. त्या यानात संगणक होता हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. तो कोणी लिहिला हा तर पुढचाच प्रश्न.

अनघा_बॉस्टन
वा काका! 'चंद्र कानांनी पाहिला' एकदम पोचलं.
मी हल्ली केंब्रिजला असते, एमआयटी पायी अंतरावर. थोडी पार्श्वभूमी देते. हॅमिल्टनबाईंचा जन्म १९३६ चा, इंडियाना राज्यातल्या पाओली या लहान गावातला. अर्लम कॉलेजातून १९५८ ला गणिताची पदवी, जोडीला तत्त्वज्ञान. नवरा हार्वर्डला कायदा शिकणार होता, म्हणून बॉस्टनकडे आल्या. स्वतःला गणितात पुढे शिकायचं होतं, पण आधी नवऱ्याचं शिक्षण होईपर्यंत नोकरी करू असं ठरलं. (ओळखीचं वाटतंय ना?) एमआयटीत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्याकडे लागल्या. हेच ते पुढे केऑस थिअरीवाले लॉरेन्झ. त्यांच्या खोलीत एलजीपी-३० नावाचा टेबलाएवढा संगणक होता, त्यावर बाई प्रोग्रामिंग शिकल्या. कॉलेजात हा विषयच नव्हता, सगळे करून करूनच शिकत. मग लिंकन लॅबमध्ये सेज या हवाई संरक्षण यंत्रणेवर काम केलं, आणि तिथून एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमध्ये अपोलो या चांद्रमोहिमांच्या कामावर. आधी नुसत्या प्रोग्रामर. पुढे कमांड मॉड्यूलच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी आली आणि शेवटी यानावरच्या सगळ्याच सॉफ्टवेअरची.

कोल्हापुरी_ठसका
म्हंजे हंगामी म्हणून चिकटली आणि चंद्रावर जाऊन थांबली. लई भारी.

अनघा_बॉस्टन
एक मजेशीर गोष्ट राहिली. सुरुवातीला नवख्या म्हणून त्यांना एका मानवरहित उड्डाणातला तुकडा दिला: मोहीम फसली तर संगणकाने काय करायचं. तशी वेळ येणारच नाही अशी सगळ्यांची खात्री, म्हणून बाईंनी त्या प्रोग्रामचं नावच ठेवलं 'फर्गेट इट'. उड्डाण नेमकं फसलं आणि नियंत्रण गेलं 'फर्गेट इट'कडे. एका रात्रीत बाई त्या विषयातल्या तज्ज्ञ!

तिरकस_पुणेकर
आमच्याकडे अशा तुकड्याला 'टेम्प_फायनल_२' म्हणतात.

टेस्टरबाई
आले. आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. आत्यांना बाकी काही नाही तरी हे नक्की वाचून दाखव.
हॅमिल्टनबाई रात्री आणि शनिवार-रविवारी लॅबमध्ये जायच्या तेव्हा लहानग्या लॉरेनला सोबत न्यायच्या. एकदा आई सिम्युलेटरवर उड्डाणाची तालीम करत असताना लॉरेनने आईसारखी बटणं दाबायला सुरुवात केली. खेळता खेळता यान 'उडत' असताना तिने पी-०१ हा प्रोग्राम चालू केला. हा उड्डाणाआधी, यान जमिनीवर उभं असतानाचा. सिम्युलेशन कोसळलं.
बाईंनी वर सांगितलं, हे अंतराळवीराकडूनही होऊ शकतं, संगणकाने अशा वेळी 'नाही' म्हणावं अशी तपासणी घालू द्या. उत्तर आलं, अंतराळवीर इतके तयार केलेले असतात की असली चूक करणारच नाहीत. शिवाय मेमरी कुठे आहे जास्तीचं कोड ठेवायला? मग बाईंनी सूचनांत एक ओळ घातली: उड्डाणात पी-०१ निवडू नये.
डिसेंबर १९६८. अपोलो ८ चंद्राला फेऱ्या मारून परत निघालंय. जिम लॉव्हेल ताऱ्यांवरून दिशा घेत होता. त्याला क्रमांक ०१ चा तारा द्यायचा होता, त्याने दिला प्रोग्राम ०१. संगणकाला वाटलं आपण फ्लोरिडात लाँचपॅडवर उभे आहोत. यान कुठे आहे, कुठल्या दिशेला तोंड आहे, ही साठवलेली माहिती पुसली गेली. तारे बघून आणि जमिनीवरून मदत घेऊन सगळं पुन्हा बसवावं लागलं. त्यानंतर ती तपासणी घालायला परवानगी मिळाली.
'युजर असं करणारच नाही' हे वाक्य मी गेली चौदा वर्षं दर आठवड्याला ऐकते. माझ्या आधीच्या एका नोकरीत हेच ऐकवून एक बग बंद केला होता, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी नेमका 'असं न करणारा' युजर भेटला. फराळ मी ऑफिसात केला.

वरणफळ
+१००० टेस्टरतै. लॉरेन ही जगातली पहिली टेस्टर.

कांदाभजी
आणि पगार न घेणारी.

घरचा_आहेर
बाईंचं काम मोठं, वाद नाही. पण इथेही आता आरती सुरू झालेली दिसते. लॉव्हेलने एक बटण चुकीचं दाबलं आणि मग स्वतःच तारे बघून सगळं पुन्हा बसवलं, हेही तेवढंच खरं. दुसरं, अपोलो ११ वाचवल्याचं श्रेय सर्रास हॅमिल्टनबाईंना देतात. चंद्रावर उतरताना संगणकावर कामाचा ताण आला आणि अलार्म वाजले, त्या क्षणी तो तगला तो एक्झिक्युटिव्ह नावाच्या भागामुळे, म्हणजे कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे ठरवणाऱ्या. तो मुळात हॅल लॅनिंग यांचा, साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. उतरण्याच्या गणितांचं कोड डॉन आइल्स आणि सहकाऱ्यांचं. मोहिमांच्या गणिताची धुरा डिक बॅटिन यांच्याकडे. शेकडो माणसं होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांना एकच चेहरा लागतो.

टेस्टरबाई
@घरचा_आहेर, पहिल्याच प्रतिसादात 'एकट्या' खोटं म्हटलंय मी. आणि लॉव्हेलची चूक नव्हतीच, तेच तर सांगतेय. चूक होऊ देणाऱ्या रचनेची होती.

घरचा_आहेर
मान्य. बाकी मुद्दा तसाच आहे.

वाचनमात्र_होतो
नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. अपोलो ११ उतरतानाच्या त्या १२०२ नंबरच्या अलार्मचा किस्सा कोणीतरी सोप्या भाषेत सांगा की. ऐकलंय खूप, कळलेलं नाही.

एम्बेडेड_आबा
सांगतो. नोकरीभर हेच केलं, छोट्या मेमरीत मोठा संसार.
अपोलोच्या संगणकात बदलता येणारी मेमरी २,०४८ शब्दांची आणि कायमची ३६,८६४ शब्दांची. शब्द १६ बिटांचा. म्हणजे सगळं मिळून ७६ किलोबाइट. आत्याबाईंनी पाठवलेला फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. वजन सुमारे ३२ किलो.
उतरताना, वर फिरणाऱ्या मुख्य यानाशी परत भेट घ्यायला जे रडार असतं त्याचा स्विच अशा जागी होता की त्याचे विजेचे संदर्भ संगणकाशी जुळत नव्हते. दोन्हीकडे ८०० हर्ट्झ, पण लाटा एकमेकींच्या पावलाला पाऊल जुळवून चालत नव्हत्या. त्यामुळे रडारचा कोन सतत हलतोय असं संगणकाला भासायला लागलं आणि तो मोजत बसला. दोन मोजण्या, प्रत्येकी सेकंदाला ६,४००. एकेक मोजणी ११.७ मायक्रोसेकंद खाते. गुणाकार करा: सेकंदातला १५ टक्के वेळ नुसता बिनकामाच्या मोजणीत. उतरताना संगणक तसाही कामात गळ्यापर्यंत बुडालेला. त्यात आर्मस्ट्राँगसोबतच्या ऑल्ड्रिनने पडद्यावर आणखी एक आकडा मागितला.
कामं वेळेत संपेनात, नव्या कामाला जागा उरेना, तेव्हा संगणक म्हणाला १२०२. मग त्याने काय केलं? सगळं सोडून दिलं, आणि ज्या कामांची 'इथून पुढे चालू करा' अशी खूण ठेवलेली होती तेवढी पुन्हा उचलली. इंजिन, दिशा, उंची. बाकीची गेली. लग्नघरात ऐनवेळी गॅस संपला तर शहाणी आचारीण जिलबी सोडते, भात सोडत नाही, तसं.
असं पाच वेळा झालं. चारदा १२०२, एकदा १२०१. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात निर्णय स्टीव्ह बेल्सचा, वय २६. त्याच्या पाठीशी जॅक गार्मन, वय २४. काही आठवड्यांपूर्वीच्या तालमीत असाच अलार्म आला होता आणि बेल्सने घाबरून मोहीम रद्द करायला सांगितली होती. ते चुकीचं ठरलं, म्हणून सगळ्या अलार्मची यादी करा असा हुकूम झाला. गार्मनने ती हाताने लिहून काचेखाली ठेवली होती. हाताने लिहिलेलं काही हवंच असेल तर ते हे!

वाचनमात्र_होतो
आबा, जिलबी-भात कायम लक्षात राहील. धन्यवाद.

वरणफळ
भात सोडून जिलबी ठेवणारे आचारीही पाहिलेत.

घरचा_आहेर
आबा, उत्तम लिहिलंत. फक्त एक पुरवणी. स्विचचा दोष कोणाचा यावर दोन मतं आहेत. हॅमिल्टनबाईंनी १९७१ मध्ये डेटामेशन मासिकाला पत्र लिहिलं, त्यात कारण दिलं चेकलिस्टमधली चूक. आइल्स यांच्या सांगण्यात भर आहे तो विजेच्या जुळणीतल्या त्रुटीवर. शिवाय परत फिरायची वेळ आली तर रडार तयार असावं म्हणून ऑल्ड्रिनला ते चालूच हवं होतं.

एम्बेडेड_आबा
दोन्ही खरं असू शकतं. यंत्र बिघडतं तेव्हा कारण सहसा एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. पण संगणकाने काम टाकून द्यायला शिकणं हे मात्र कोणीतरी आधीपासून, मुद्दाम, चिकाटीने केलेलं होतं. लॅनिंगची रचना, आणि त्यावर प्रत्येक प्रोग्रामरने आपापल्या कोडात पुनरारंभाच्या खुणा ठेवणं. ते सगळ्यांकडून करवून घेणं आणि एकत्र चालतंय का बघणं हे प्रमुखाचं काम. त्याची ओळ कोडात सापडत नाही.

टेस्टरबाई
हे शेवटचं वाक्य मी चोरणार आहे.

तिरकस_पुणेकर
कोडावरून आठवलं. अपोलो ११ चं अख्खं कोड २०१६ पासून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे, आधी हौशी मंडळींनी कागदांवरून उतरवून काढलेलं. इंजिन पेटवणाऱ्या भागाचं नाव 'बर्न बेबी बर्न'. बटणांचा आणि दिव्यांचा भाग 'पिनबॉल गेम'. एका ओळीपुढे टिप्पणी आहे 'टेम्पररी, आय होप होप होप'. ती तात्पुरती ओळ चंद्रावर जाऊन आली. यापुढे माझ्या तात्पुरत्या कोडला कोणी हसायचं नाही.

कांदाभजी
हहपुवा. आमच्या गल्लीतला तात्पुरता स्पीडब्रेकर २००९ पासून आहे.

सॉफ्टपुरी
'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द याच बाईंनी शोधला ना? आमच्या सरांनी सांगितलं होतं.

घरचा_आहेर
बाई तसं सांगतात, आणि अपोलोच्या काळात हा शब्द त्या आग्रहाने वापरत असाव्यात यात शंका नाही. पण तो जगभर रुळला तो १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिशला झालेल्या नाटो परिषदेमुळे.

अनघा_बॉस्टन
शब्द कोणाचाही असो, आग्रह का होता ते महत्त्वाचं वाटतं. तेव्हा हार्डवेअरवाले 'खरे' इंजिनिअर आणि सॉफ्टवेअर म्हणजे वरची फोडणी. बाई लॅबमध्ये हा शब्द वापरायच्या तेव्हा सुरुवातीला लोक हसायचे.

मुक्काम_येवला
मी कापडाच्या धंद्यातला, इकडे चुकून आलो. कायमची मेमरी 'विणलेली' असायची असं कुठेतरी वाचलं होतं, ते खरं का? आमच्या घरी तीन पिढ्या माग आहे, म्हणून विचारतो.

एम्बेडेड_आबा
अगदी खरं, भाऊ. तिला कोअर रोप म्हणत. चुंबकीय कड्या आणि त्यांतून जाणाऱ्या तारा. तार कडीतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्थमला रेथिऑनच्या कारखान्यात हे काम बायका करायच्या. त्यांतल्या काही आधी कापडगिरण्यांत होत्या. लॅबमधले पुरुष त्याला थट्टेने 'लिटल ओल्ड लेडी' मेमरी म्हणत. विणायला कित्येक आठवडे लागत, म्हणून कोड उड्डाणाच्या बरंच आधी पक्कं करावं लागे. एकदा विणलं की बदल नाही. आणि प्रत्येक प्रोग्रामची अशी आवृत्ती सांभाळणाऱ्या माणसाला म्हणत 'रोप मदर', मग ते पुरुष का असेनात.

मुक्काम_येवला
पैठणीच्या पदरात मोराची एक काडी चुकली तर तेवढं उसवून पुन्हा भरावं लागतं. यांना उसवायची सोय नव्हती म्हणायची.

कोल्हापुरी_ठसका
रिलीजनंतर बग निघाला तर काय करायचे मग?

घरचा_आहेर
अपोलो १४ वाचा. १९७१, उतरायच्या तोंडावर 'मोहीम रद्द'चं बटण आपोआप दाबलं गेल्याचा खोटा सिग्नल येत होता. विणलेलं बदलता येत नाही, म्हणून डॉन आइल्स यांनी दोनएक तासांत असा उपाय काढला की अंतराळवीरांनी कळफलकावरून बदलत्या मेमरीत काही आकडे टाइप करायचे आणि संगणकाला त्या बटणाकडे दुर्लक्ष करायला लावायचं. उतरले.

वरणफळ
थोडं अवांतर. आपल्या मंगळयानाच्या वेळी इस्रोच्या रितू करिधाल यांचं काम याच जातीचं होतं ना? मंगळाहून संदेश यायलाच बारा मिनिटांच्या वर, त्यामुळे बिघाड ओळखून यानानेच स्वतःला सावरायचं.

अनघा_बॉस्टन
हो, स्वायत्तता. त्यावर वेगळा धागा काढ ना, इथे पुन्हा मूळ प्रश्नाकडे जाऊ या. फोटोतल्या त्या ढिगात होतं काय?

टेस्टरबाई
छापील लिस्टिंग्ज. मेनफ्रेमवर (लॅबमधल्या मोठ्या संगणकावर) कोड जुळवलं की त्याची छापील प्रत निघायची: प्रत्येक ओळ, तिचा पत्ता, टिप्पण्या, वर संदर्भांचे तक्ते. एकाच प्रोग्रामची दीड हजाराच्या आसपास पानं. ३६ हजार शब्दांना दीड हजार पानं, म्हणजे पानाला पंचवीसेक शब्द. हाताने कोणी एवढं पसरट लिहीत नाही. ढिगात अशा बऱ्याच लिस्टिंग्ज रचलेल्या आहेत. फोटो लॅबच्याच छायाचित्रकाराने काढलाय.
तेव्हा नवशिका, असं कळव: हाताने नाही. एकटीने नाही, शेकडो जणांनी. पण तो कळप हाकणारी हीच. 'श्रेय लाटलं' म्हणण्यापेक्षा 'उशिरा दिलं' म्हण: नासाने २००३ मध्ये ३७,२०० डॉलरचं पारितोषिक दिलं आणि ओबामांनी २०१६ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. तेव्हा बाई ८० वर्षांच्या होत्या.

नवशिका_७
सगळ्यांचे आभार. रात्री धागाच आत्याला वाचून दाखवला. लॉरेनच्या किश्श्याला ती इतकी हसली की चहा सांडला. नापास होणारी पोरं असलीच बटणं दाबतात म्हणाली. मामेभावाने 'ओके' असं एक अक्षर टाकलंय. त्याच्या मानाने फार झालं.
आत्याचा एक प्रश्न आहे, येवल्याच्या भाऊंचं वाचल्यापासून तिच्या डोक्यात बसलाय. त्या विणणाऱ्या बायकांना कुठली कडी आणि कुठे नाही हे लक्षात कसं राहायचं? आणि सुई कसली असायची?

एम्बेडेड_आबा
लक्षात ठेवायचं नसायचं. भोकं पाडलेल्या पट्टीवर चालणारं एक यंत्र बरोबर ती कडी समोर आणून धरायचं. बाई पलीकडून सुई घालायची, अलीकडून काढायची. सुई पोकळ, तार तिच्या पोटात.

मुक्काम_येवला
आत्यांना सांगा, म्हणजे धोट्यासारखीच. कांडी आत, धागा बाहेर.